ऐकू येत असल्याचा दाखला

शालीकराम टेंभरे गुरुजींना ऐकू येत नाही, ही बातमी गोंदियाजवळच्या अख्ख्या कुडवा गावाला ऐकू आली, फक्त गुरुजींना सोडून. यात गुरुजींच्या कानांचा काडीचाही दोष नव्हता. शेजारच्या बिसेनांकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, की भिंतीपलीकडून ओरडून गॅस बंद करायला सांगणारे कान होते ते. बहिरा झाला होता तो गुरुजींचा फोन. पण माणूस आणि फोन या दोघांत कोणीतरी एक बहिरा आहे म्हटल्यावर लोकांचं बोट आधी कोणाकडे वळतं हे वेगळं सांगायला नको. फोन तीन महिन्यांचा होता आणि गुरुजी एकसष्ट वर्षांचे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी गुरुजी अंगणातल्या सिमेंटच्या टाकीतून बादलीभर पाणी घ्यायला वाकले. बंडीच्या खिशात फोन होता. बंडीचा खिसा सुपारी-अडकित्त्यासाठी शिवलेला असतो, फोनसाठी नाही, ही गोष्ट फोन बनवणाऱ्यांना आणि बंडी शिवणाऱ्यांना एकत्र बसवून कोणीतरी सांगायला हवी होती, असं गुरुजींचं पुढे कायमचं मत झालं. डुबुक असा आवाज आला. पुढच्या बऱ्याच दिवसांसाठी त्या फोनने मोठ्याने काढलेला तो शेवटचा आवाज.

गुरुजी खांद्यापर्यंत टाकीत उतरले आणि फोन घेऊन वर आले, तेव्हा भिंतीवर जागेश्वर बिसेनांचं डोकं हजर होतं. बिसेन वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. ज्या वस्तूत करंट आहे त्या वस्तूवर शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत होती, आणि हल्ली करंट नसलेली वस्तू राहिलीच कुठे?

"अजी गुरुजी, चालू नोका करू!" बिसेन ओरडले. "तांदळात गाडून ठेवा दोन दिवस. तांदूळ पानी ओढून घेते."

सल्ला वाईट नव्हता. शकुंतलाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोने, लगेच स्टीलचा डबा आणला. पाहुण्यांसाठी दुकानातून आणलेला, डबल पॉलिश मारलेला, पांढराशुभ्र तांदूळ होता त्यात. इथे खरं तर गोष्ट संपायची. पण गुरुजी पडले जमीनदार घराण्यातले पोवार. आमगावकडे अजून सहा एकर धान उभा राहतो त्यांचा. त्यांनी डब्याकडे असं पाहिलं, जसं कोणी जावयाच्या ताटात शिळी भाकर वाढली आहे.

"माझा फोन बाजारच्या तांदळात?" ते म्हणाले. "पॉलिश मारमारून सगळा जीव काढलेला असतो त्याचा. तो काय पाणी ओढणार? घरचा चिन्नोर तांदूळ आहे ना!"

"अवो, तो सिंगल पॉलिशचा आहे. परवाच गिरणीतून आला, कोंडाही नाही पाखडला अजून."

"म्हणूनच! कोंड्यातच तर सगळी ताकद असते."

तेहतीस वर्षं विज्ञानासकट सगळे विषय शिकवलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? गुरुजींनी कोठीचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घालून फोन आत दाबला. पाणी खाली उतरतं या न्यायाने आवाज येतो ती बाजू मुद्दाम खाली केली. वरून दोन ओंजळी तांदूळ थापटून बसवला. हात बाहेर आला तेव्हा तो पिठाच्या गिरणीतल्या माणसाचा वाटत होता. ज्या तांदळावर तीन पिढ्या पोसल्या त्याला एका फोनचं पाणी ओढणं म्हणजे काय मोठी गोष्ट, असं म्हणून ते आंघोळीला गेले.

दोन दिवसांनी फोन निघाला तो चालू स्थितीत निघाला. उजेड होता, फोटो होते, पुण्याला नोकरीला असलेल्या रविताने, म्हणजे त्यांच्या मुलीने, दिवाळीत फोन देताना पडद्यावर लावून दिलेली घड्याळाची चित्रं होती. फक्त आवाज नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असंही नाही. कानाला लावला की विहिरीच्या तळाशी कोणीतरी हळू आवाजात घरगुती भांडण करतंय एवढं कळायचं. घंटी वाजायची ती फक्त फोनच्या मनातल्या मनात.

आता एखाद्याने म्हटलं असतं, जाऊ दे, चार दिवस फोन बंद. पण वसंत पंचमी दहा दिवसांवर आली होती, आणि वसंत पंचमीला राजाभोज जयंती असते. पोवार राजाभोजांना आपला पूर्वज मानतात, म्हणून कुडव्यात समाजाची जयंती मोठी होते, आणि गेली अकरा वर्षं तिचं सूत्रसंचालन टेंभरे गुरुजी करत. एका वर्षी पाहुण्यांचं भाषण सुरू असताना माईक बंद पडला तर लोकांना पाहुणे ऐकू येईनासे झाले, पण गुरुजी मधेच उठून "शांत बसा" म्हणाले ते रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर ऐकू गेलं. पगार, पेन्शन, सहा एकर, सगळं एकीकडे आणि वर्षातून एकदा हातात येणारा तो माईक एकीकडे. समितीचे सचिव श्यामलाल कटरे जयंतीच्या तयारीसाठी गुरुजींना दिवसातून दोनदा फोन करत.

पहिल्या दिवशी श्यामलालचे सहा फोन येऊन गेले आणि एकही ऐकू आला नाही. सातवा गुरुजींना दिसला, कारण पडदा चमकला. त्यांनी उचलला. विहिरीच्या तळाशी श्यामलाल काहीतरी बोलत होते. आता "मला ऐकू येत नाही" असं म्हणणं गुरुजींच्या जिवावर आलं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर पोरांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी छडीने दुरुस्त केलं होतं. ते म्हणाले, "हो हो. ठीक आहे. काही हरकत नाही." आणि फोन ठेवला. त्या तीन वाक्यांवर त्यांनी पुढचे तीन दिवस काढले.

शकुंतलाबाईंकडे साधा बटनांचा फोन होता. तो दोनदा माडीवरून पडला होता, एकदा शेणाच्या टोपलीत राहिला होता आणि एकदा कणकेसोबत मळला जाता जाता वाचला होता. त्यावर रविता बोलायची ते स्वयंपाकघरातून सपरीपर्यंत, म्हणजे पुढच्या पडवीपर्यंत ऐकू यायचं.

"माझ्या फोनवरून बोला न श्यामलाल भाऊसंग," त्या म्हणाल्या.

"बाईच्या फोनवरून समितीची कामं करू?" गुरुजी म्हणाले. असा अपमान त्यांच्या घराण्यात, पूर्वज माळव्यातून इकडे निघाल्यापासून कोणी सोसला नव्हता.

रविताने आईच्या फोनवर सांगितलं की बाबांना सेटिंगमध्ये जायला सांग. गुरुजी सेटिंगमध्ये गेले. तिथून त्यांना परत येता येईना. बाजूची बटनं दाबून दाबून त्यांनी फोनने एकशे चाळीस फोटो काढले, सगळे स्वतःच्या पायांचे. शेवटी बिसेन भिंतीवरून इकडे आले. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, फुंकर मारली आणि म्हणाले, "ब्लूटूथनं चेक करू."

बिसेनांकडे सकाळी भजनं लावायचा स्पीकरचा एक डबा होता. तो त्यांनी फोनशी जोडला आणि एक भजन लावलं. भजन असं खणखणीत वाजलं, की समोरच्या घरातली म्हातारी हात जोडून बाहेर आली.

"पाहा," बिसेन म्हणाले. "आवाज त गजब आहे. फोनले काहीच नाही झाला."

मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं, मग गुरुजींच्या कानांकडे पाहिलं, आणि आवाज मोठा करून एकेक शब्द तोडून म्हणाले, "वय, होते, जी, माणसाचं!"

कुडव्यात बातमी पसरली ती इथून. गुरुजी संतापाने लाल झाले. पण संतापलेल्या माणसाला तर्कशास्त्र सुचत नाही, आणि त्या गडबडीत फोन आणि डबा एकमेकांना जोडलेलेच राहिले, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि बिसेनांच्याही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पडदा चमकला. श्यामलाल. गुरुजींनी फोन उचलून कानाला लावला आणि नेमका त्याच क्षणी बिसेनांच्या खिडकीतून कोणीतरी मोठमोठ्याने बोलायला लागलं. याला म्हणतात शेजार! माणूस महत्त्वाच्या फोनवर आहे आणि यांच्याकडे पाहुणे कोकलतायत. गुरुजी चिडले. त्यांनी खिडकी लावली, एका कानात बोट खुपसलं आणि तरीही कलकल येते म्हणून थेट मागच्या न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं. फोनमधून काही ऐकू आलं नाही. त्यांनी नेहमीची तीन वाक्यं पाच वेळा म्हटली. ती श्यामलालना व्यवस्थित पोचली, कारण गुरुजींच्या आवाजाला फोनची गरज कधी नव्हतीच.

न्हाणीतून ते बाहेर आले तेव्हा शकुंतलाबाई दारात उभ्या होत्या. हातात बिसेनबाईंची परत करायला नेलेली वाटी तशीच होती.

"अवो, तुमी काऊन हो म्हनले?"

"कशाला हो म्हणालो?"

"श्यामलाल भाऊ बिसेनायच्या डब्यातून बोलून राहिले होते! साऱ्या गल्लीनं ऐकला. 'सर, तुमाले आता ऐकू कमी येते, समितीचा म्हनना आहे का या वर्षी माईक बिसेन भाऊले द्यावा.' अना तुमी म्हनले, 'हो हो, काही हरकत नाही.' पाच डाव म्हनले!"

गुरुजी मटकन सपरीतल्या खाटेवर बसले. ज्याने तांदळाचा सल्ला दिला तो बिसेन. ज्याने डबा जोडला तो बिसेन. ज्याने कानांची बातमी पसरवली तो बिसेन. आणि माईक मिळाला तोही बिसेनलाच! आपल्या विरुद्ध एवढा मोठा कट शिजला आणि त्यात आपण स्वतः पाच वेळा होकार दिला, या गोष्टीने त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रत्यक्षात बिसेन बिचारे त्या वेळी बाजारात मुळे घेत होते. पण हे गुरुजींना कोण पटवणार?

ते तडक स्कूटर काढून श्यामलालच्या कापड दुकानात गेले. श्यामलालनी त्यांना पाहताच कापडाचा गज खाली ठेवला आणि दोन्ही हातांचा भोंगा केला. "या! सर! बसा!"

"ओरडू नका, मला ऐकू येते!" गुरुजी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. दुकानातल्या दोन बायका पातळं तशीच टाकून निघून गेल्या.

"सर, तुमीच त हो म्हनले," श्यामलाल अजीजीने म्हणाले. "नऊ जनायच्या समितीनं काल रातीच ठराव घेतला. तुमी हो म्हनल्याबरोबर पत्रिकेतही बिसेन भाऊचं नाव टाकला. आता बदलाचं म्हटलं त मले काही कागद पाहिजे. डॉक्टरचा दाखला आना एखादा, का कान ठीक आहेत. मी समितीपुढं ठेवतो."

म्हणजे तेहतीस वर्षं ज्याने पोरांना शाळा सोडल्याचे दाखले दिले, त्याने आता आपल्या कानांचा दाखला आणायचा! पण माईक जात होता. गुरुजींनी ठरवलं, फोनही दुरुस्त करायचा आणि दाखलाही आणायचा. एकाने नाही तर दुसऱ्याने तोंडं बंद होतील.

आधी ते गोंदियाला फोनच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. टोकन नंबर सत्तेचाळीस. दीड तासाने खिडकीत नंबर लागला. टाय लावलेल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बोलिए अंकल, क्या प्रॉब्लेम है?"

"सुनाई नहीं देता," गुरुजी म्हणाले.

त्याने फॉर्मवर लिहिलं, 'ग्राहक को सुनाई नहीं देता', आणि मग मान वर करून हातवारे करत एवढ्या जोरात बोलायला लागला, की मागचे सगळे टोकनवाले माना उंचावून पाहू लागले. "अंकल! फोन! खोलना! पडेगा!"

"मला नाही, फोनला! फोनला ऐकू... म्हणजे फोनमधून ऐकू येत नाही! ते खोडा आधी!"

"फॉर्म में काट-छांट नहीं चलती, अंकल. दूसरा टोकन लेना पडेगा."

दुसरं टोकन एकसष्ट नंबरचं निघालं. वयाइतकंच. गुरुजींना वाटलं, मशीनही टोमणा मारतंय. जेवणाची सुट्टी धरून आणखी दोन तास गेले. मग त्या माणसाने फोनच्या आत डोकावून एक लाल ठिपका दाखवला. पाणी गेलं की तो लाल होतो म्हणे. पाणी गेलं म्हणजे वॉरंटी गेली. तरी बघू म्हणाला, बिल दाखवा. बिल रविताच्या नावावर होतं. "जिनके नाम पे बिल है, उनको ले आइए." ती पुण्याला आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "तो पूना में दिखा दीजिए." इतक्या सहज म्हणाला, जसं पुणे गोंदियातल्या रेलटोली मोहल्ल्याच्या पलीकडेच आहे.

फोन गेला खड्ड्यात, दाखला तरी मिळेल, म्हणून दुसऱ्या दिवशी गुरुजी सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर उभे राहिले.

"कानाचा दाखला पाहिजे."

"किती टक्के बहिरे आहे?" खिडकीतल्या बाबूने विचारलं.

"शून्य टक्के."

बाबूने चष्मा काढला. "शून्य टक्क्याचा दाखला नसते जी. चाळीसच्या वर असान त बोला. पास मिळते, सवलत मिळते."

"मला सवलत नको. मला ऐकू येते एवढं लिहून पाहिजे."

"कायले?"

गुरुजींनी हट्ट धरला. बाबूने वैतागून केसपेपर दिला. आतल्या डॉक्टरांनी मागे उभं राहून कुजबुजत विचारलं, "नाव काय?" गुरुजींनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि बाजूच्या खोलीत सिस्टर फोनवर घरी कारल्याची भाजी झाकून ठेवायला सांगत होती तेही सांगितलं.

"कान एक नंबर आहेत. जा घरी," डॉक्टर म्हणाले.

"लिहून द्या."

"अहो, चांगल्या माणसाच्या प्रत्येक अवयवाचा दाखला देत बसलो तर आजाऱ्यांना कधी पाहू?" तरी भला माणूस होता. केसपेपरच्या मागे त्याने 'कान ठीक' एवढे दोन शब्द लिहिले. शिक्का खिडकीवर होता. खिडकी एक वाजता बंद झाली होती. दुकानात श्यामलालनी तो कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि दोन्ही हातांचा भोंगा करून म्हणाले, "सर! शिक्का नाही!"

त्या दिवशी घरी परतताना कुडवा नाक्यावर गुरुजींची स्कूटर थांबली ती रागाने नाही, पेट्रोल संपल्याने. समोर एक लहानसं दुकान होतं. 'दुर्गेश्वरी मोबाईल रिपेअरिंग'. आत एक तिशीतली बाई डोळ्याला भिंग लावून बसली होती. गुरुजींनी कोणाला काही दाखवायचं नाही असं ठरवलेलं होतं. पण आता अपमान व्हायचा काही बाकी राहिला नव्हता, म्हणून त्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

"आवाज येत नाही. फोनमधून. माझे कान ठीक आहेत. 'कान ठीक' असा कागद आहे माझ्याकडे."

तिने कागद मागितला नाही. फोन उघडला, भिंगातून पाहिलं आणि हसली.

"गुरुजी, तांदळात ठेवला होता काय जी?"

"हो. सगळेच ठेवतात."

"घरच्या? कोंडा न पाखडलेल्या?"

गुरुजी खिशातला कागद चाचपू लागले.

"आवाजाच्या जाळीत पुरा कोंडा भरला आहे. पानी अना कोंडा, लापशी झाली अना सुकली. दुकानातल्या पॉलिशच्या तांदळात ठेवला असता त काहीच झाला नसता." तिने बारीक ब्रश घेतला आणि टोकाने खरवडायला सुरुवात केली. सहा एकरांतल्या चिन्नोरची पिवळी भुकटी पांढऱ्या कागदावर पडायला लागली. म्हणजे कटही नाही, बिसेनही नाही. आपणच. गुरुजींनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"तुम्ही मला गुरुजी म्हणता. ओळखता काय?"

"दुर्गेश्वरी पारधी जी. सालेकशाकडच्या शाळेत चौथीत होती तुमच्याकडं. शेवटच्या ओळीत." बोलताना ती मान किंचित वळवून उजवी बाजू पुढे करत होती, हे गुरुजींना आता दिसलं. "माझा डावा कान वाहे तेवा. शुद्धलेखन सांगताना तुमी फळ्याकडं तोंड करून बोलत. तोंड दिसला नाही का मले काही समजे नाही. तुमी म्हनले, पोरगी ऐकत नाही, माजली. आठ दिवस वर्गाबाहेर उभी केली होती."

ब्रश चालूच होता. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तर जास्त लागलं.

"सांगायचं होतं," गुरुजी कसेबसे म्हणाले. "ऐकू येत नाही म्हणून."

"सांगतला होता जी. दोन छड्या भेटल्या." ती पुन्हा हसली. "पन खरं सांगू? बाहेर बरा होता. फळ्याजवळच्या खिडकीतून तुमचा तोंड दिसे. शुद्धलेखन तेवाच सुधारला माझा."

आठ दिवस गुरुजी जगावर रागावत फिरत होते. ऐकू येत असून लोकांनी बहिरा ठरवलं म्हणून. आता ज्याच्यावर रागवावं असा माणूस त्यांना दिसेना. जो दिसला तो काउंटरच्या काचेत दिसला. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि 'चुकलो' हा शब्द तोंडाशी येऊन अडकला. तेहतीस वर्षांच्या सवयीने त्याला बाहेर यायची वाट माहीत नव्हती. तेवढ्यात तिने फोन बंद करून चालू केला आणि तो वाजला. असा वाजला की शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हातातला पाना पडला.

"सर!" फोनमधून श्यामलाल गरजले. "ऐकू येते काय!"

"येते," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "माईक बिसेनांनाच राहू द्या. मी हो म्हटलं होतं."

जयंतीच्या दिवशी मंडप भरला होता. बायकांची बाजू भरली, पुरुषांची भरली, मागे लोक उभे राहिले. जागेश्वर बिसेन कडक इस्त्रीचा सदरा घालून माईकसमोर गेले आणि बोलायला लागले. म्हणजे ओठ हलत होते; भिंतीवरून ओरडणारा आवाज माईकसमोर आलाच नाही. 'लाइन कधी येणार' असं विचारणाऱ्या लोकांना तीस वर्षं ज्या आवाजात उत्तरं दिली, त्याच पुटपुटत्या आवाजात त्यांनी राजाभोजांचं चरित्र सुरू केलं. मागून "आवाज! आवाज!" सुरू झालं. साउंडवाल्याने बटन वाढवलं तर माईकने अशी शिट्टी मारली की पहिल्या ओळीतले पाहुणे खाली वाकले. बिसेन घाईने मंचाच्या कडेला आले. त्यांनी पहिल्या ओळीत बसलेल्या गुरुजींच्या हातात माईक कोंबला.

"सांभाळा जी गुरुजी. माझ्यानं नाही होत."

गुरुजी उठून मंचावर चढले, बिसेन बाजूच्या खुर्चीत टेकले. अकरा वर्षांचा माईक परत हातात आला. तेवढ्यात खिशातला फोन पूर्ण आवाजात वाजला, आणि घाईत बोट कुठे पडलं कोण जाणे, माईकमधून साऱ्या मंडपाला शकुंतलाबाई ऐकू आल्या: "टोपी वाकडी आहे तुमची!" मंडप खदाखदा हसला. गुरुजींनी टोपी सरळ केली, फोन शत्रूकडे पाहावं तसा पाहिला आणि बंद करून टाकला.

मग त्यांनी घसा खाकरला. अकरा वर्षं पाठ असलेलं सुरुवातीचं वाक्य जिभेवर आलं. पण नजर मागे गेली. शेवटच्या ओळीत, मंडपाच्या खांबाला लागून, दुर्गेश्वरी बसली होती. मान वळवून, उजवा कान पुढे करून.

"मागं ऐकू येते काय?" गुरुजींनी विचारलं.

"येते!" सगळा मंडप ओरडला.

"सगळ्यांना नाही विचारलं. शेवटच्या ओळीत, खांबाजवळ. तिथं ऐकू येते काय?"

मंडप वळून पाहू लागला. सूत्रसंचालक एका माणसासाठी थांबलाय, हे कुडव्याने पहिल्यांदा पाहिलं. गुरुजींनीही पहिल्यांदाच केलं होतं. दुर्गेश्वरीने हात वर केला.

"येते गुरुजी," ती म्हणाली. "पन थोडा अजून वाढवा."

गुरुजींनी माईक बिसेनांच्या मांडीवर ठेवला. ते मंचावरून खाली उतरले, मधल्या वाटेने चालत अर्ध्या मंडपापर्यंत आले, तिला तोंड दिसेल असे उभे राहिले, आणि बोलायला लागले.